नोकरी, सुपारी, बॅडमिंटन आणि अल्बम : हौशी वादकानं आठवडा कसा बसवायचा

पोट नोकरीवर चालतं आणि जीव वाजवण्यात अडकलाय अशा लोकांसाठी हे लिहितोय. म्हणजे दिवसभर कुठंतरी टेबलावर नाहीतर दुकानात, आणि संध्याकाळी, शनिवार-रविवारी कीबोर्ड, ढोलकी, गिटार, ऑक्टोपॅड जे काय असेल ते पाठीला मारून हळद, वाढदिवस, रिटायरमेंट, भजनसंध्या करत फिरणारे. मी जळगावचा, नोकरीला भुसावळला रेल्वेनं रोज अप-डाऊन, कीबोर्ड वाजवतो, सकाळी बॅडमिंटन, रविवारी टेनिस बॉल क्रिकेट, आणि आठवड्याला एक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा हा एक किडा डोक्यात. आमच्याकडं कोणी भेटलं की विचारतं, काय भो, एवढं सगळं कधी करतो? तर करता येतं, फक्त आठवडा मोजायची पद्धत बदलावी लागते.

आठवडा सोमवारपासून मोजायचा सोडा. कार्यक्रमाचा दिवस शेवटचा धरा आणि तिथून मागं मागं या. कारण वाजवणं, खेळणं आणि ऐकणं ही तिन्ही कामं आपण वेगवेगळी समजतो पण खर्च होतात ती तीच दोन मनगटं, तीच दहा बोटं आणि तेच दोन कान. शुक्रवारी रात्री मित्राच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढं दोन तास नाचलात तर शनिवारी स्टेजवर मॉनिटरमधनं (आपल्याकडं तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधनं) काय ऐकू येतंय ते कळत नाही, आणि मग साउंडवाल्याला म्हणत बसता आवाज वाढव, आवाज वाढव. त्याचा काही दोष नसतो, कान आदल्या रात्रीच विकून आलेले असतात.

समजा शनिवारी संध्याकाळी हळदीची सुपारी, म्हणजे पैसे घेऊन ठरलेला कार्यक्रम, आहे. मग शुक्रवारी रॅकेटला हात नाही, मोठा आवाज नाही, फक्त बॅग भरायची आणि झोपायचं. गुरुवारी सकाळी हलकं पळणं किंवा चालणं, मेहरुण तलावाला एखादा राउंड, आणि संध्याकाळी घरीच एकट्यानं अवघड तुकडे. बुधवारी ग्रुपची प्रॅक्टिस. मंगळवारी बॅडमिंटन, जेवढं घामाघूम व्हायचं तेवढं त्या दिवशी होऊन घ्या. सोमवारी कानाला सुट्टी. अल्बम मंगळवार ते गुरुवार येता-जाता. रविवारी क्रिकेट. असा साधारण साचा, त्यात तुमच्या शिफ्ट, पोरांच्या शाळा, लाइट जाण्याच्या वेळा घालून घ्या.

ऐन सीझनला, म्हणजे एप्रिल-मेमधे, हा साचा चालणार नाही हे पण आत्ताच सांगतो. तेव्हा एका आठवड्यात चार-चार तारखा लागतात, आज अमळनेर उद्या चोपडा परवा धुळं. तेव्हा खेळ म्हणजे फक्त पहाटेचं चालणं, अल्बम बंद, आणि झोप मिळेल तिथं. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, आषाढ येतोच.

बॅग आणि वही

बॅगेबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण कार्यक्रम बिघडतो तो नव्वद टक्के वेळा सुरावरनं नाही, पिनेवरनं बिघडतो. माझ्या बॅगेत कायम असतं ते असं: जॅक केबल दोन (एक लागतेच, दुसरी जेव्हा लागते तेव्हा सोन्याच्या भावाची वाटते), स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड लांब वायरीचा, स्पाइक गार्ड, कीबोर्डचा अॅडॉप्टर आणि त्यावर स्केच पेननं लिहिलेलं स्वतःचं नाव कारण आवराआवरीत सगळ्यांचे काळे अॅडॉप्टर एकसारखेच दिसतात, काळी टेप, टेस्टर, छोटी टॉर्च, पेन ड्राइव्ह, डीआय बॉक्स (वाद्य आणि साउंडवाल्याच्या मिक्सरच्या मधे लावायची छोटी डबी), जाड पंचा आणि कपड्याचे चार चिमटे. चिमटे कशाला तर लॉनवर आणि मांडवात तो मोठा कूलर लावतात ना, तो बरोब्बर तुमच्याच तोंडावर असतो आणि तिसऱ्या गाण्याला वहीचं पान उलटतं. मोबाईलवर गाणी बघत असाल तरी चिमटे ठेवा, कोणाला ना कोणाला लागतात.

तो कूलर अजून एक काम करतो. उन्हानं कडक झालेलं ढोलकीचं, तबल्याचं चामडं कूलरच्या दमट हवेत हळूहळू उतरायला लागतं. साउंडचेकला लावलेला तबला तासाभरानं बेसूर आणि तबलजी बिचारा हातोडी घेऊन बसलेला. म्हणून सांगायचं, कूलर स्टेजला आडवा लावा, थेट वाद्यावर नको, किंवा मग चेकच्या वेळेलाच कूलर चालू करून त्याच हवेत सूर लावा. गिटारवाल्यांचं उलट, उन्हात तार सैल पडते. आणि कुठलंही वाद्य दुपारी बंद गाडीत ठेवायचं नाही म्हणजे नाही. बाहेर ४४ असताना काचा लावलेल्या गाडीत साठच्या पुढं जातं, त्यात कीबोर्डची बटणं, गिटारचा डिंकानं चिकटवलेला ब्रिज, हार्मोनियमचा भाता काहीच सुखरूप राहत नाही. जेवायला बसताना वाद्य सोबत आत घ्या, वऱ्हाडी काय म्हणतील ते म्हणू द्या. बाईकवरनं नेत असाल तर कीबोर्ड आडवा धरू नका, मागच्या माणसानं उभा धरायचा, मधे आणि स्वतःच्या पायावर टेकवून. ट्रकवाला आडव्या कीबोर्डचा अंदाज घेत नाही.

आता वही. गाण्यांची यादी सगळेच करतात पण यादीत गाण्याच्या नावापुढं तीन गोष्टी लिहा: कोण गाणार, कुठल्या पट्टीत (म्हणजे कुठला सूर सा धरून), आणि सुरुवात कशानं. एकच गाणं आमचा गायक काळी एकमधे गातो आणि त्याची बायको काळी चारमधे, आणि मंडपात आयत्या वेळी नवरीची मावशी माईक घेते आणि तिची पट्टी तिलाच माहीत नसते. मावशीसाठी युक्ती अशी की गाणं सुरू करायच्या आधी माईक बाजूला ठेवून तिला पहिली ओळ नुसती गुणगुणायला लावायची, तेवढ्यात तुमचा सा शोधायचा आणि एक बोट धरून ठेवायचं. कीबोर्डवाल्यांनो, ट्रान्सपोजचं (सगळी पट्टी वर-खाली सरकवायचं) बटण वापरत असाल तर वहीत गाण्यापुढं तो आकडा पण लिहा, आणि गाणं संपलं की टाळ्या चालू असतानाच शून्यावर आणा, गप्पा नंतर. प्लस दोनवर राहिलेला कीबोर्ड आणि शून्यावर असलेली गिटार एकत्र सुरू झाली की सगळा मांडव आपल्याकडं बघतो.

सेटिंग सेव्ह करायला विसरू नका. गावाकडं कार्यक्रमात लाइट जाणारच, मग जनरेटर, मग परत लाइट, आणि प्रत्येक बदलीला कीबोर्ड बंद पडून चालू होतो आणि मेहनतीनं लावलेले आवाज गायब. घरीच मेमरीत सेव्ह करा, पेन ड्राइव्हवर एक कॉपी. जनरेटर सुरू करतोय असं कोणी ओरडलं की आधी स्विच बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग चालू. पहिल्या झटक्याला व्होल्टेज कुठंही जातं.

आणि टेस्टर. मांडवात अर्थिंग असेलच असं नाही. माईकच्या जाळीला टेस्टर लावून बघा, दिवा लागला तर ओठ जवळ नेऊ नका, साउंडवाल्याला आधी ते नीट करायला लावा. गिटारच्या तारेवर हात आणि माईकला ओठ असं झालं की दोन्हीकडनं करंट घ्यायचा रस्ता पूर्ण होतो. यात लाजायचं काही नाही, सगळे घाईत असतील तरी पाच मिनिटं थांबवा. नुसता घुंई आवाज येत असेल तर बहुतेक वेळा डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबल्यावर जातो. पण ते बटण झटक्यावरचा इलाज नाहीये, घुंईवरचा आहे, दोन्हीत गल्लत करू नका.

कार्यक्रमाचा दिवस

जेवण. खान्देशात हा खरा शत्रू आहे. यजमान प्रेमानं बसवतात, वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वर तुपाची धार, आणि नाही म्हणलं तर त्यांना वाईट वाटतं. चार बट्ट्या हाणून दोन तास वाजवून बघा, पहिल्या द्रुत गाण्यालाच डोळे मिटायला लागतात. आम्ही सरळ सांगून ठेवतो की आमचं ताट झाकून ठेवा, वाजवून झाल्यावर बसू. आधी एखादं केळं आणि थोडे शेंगदाणे बस. उन्हाळ्यात पाणी सकाळपासून पीत राहायचं, स्टेजवर चढल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. घरी ओआरएस करायचं असेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. मीठ अंदाजानं वाढवायचं नाही.

वेळ. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. वर्षातले काही ठराविक दिवस सरकार १२पर्यंत सूट देतं पण हळद काही त्यात येत नाही. बंद हॉलमधे आवाज आतल्या आत राहणार असेल तर गोष्ट वेगळी. हे इतक्यासाठी सांगतोय की तुमची सगळ्यात भारी गाणी शेवटी ठेवायची सवय असेल तर ती मोडा. मिरवणूक उशिरा येते, नवरदेवाचे मामा उशिरा येतात, हार-तुरे होतात, कार्यक्रम साडेआठला सुरू होतो आणि १०ला पोलिसांची गाडी. म्हणून यादी अशी लावा की तिसऱ्या-चौथ्या गाण्याला मांडव पेटला पाहिजे, आणि शेवटची तीन गाणी गळाली तरी काही बिघडत नाही अशी असली पाहिजेत.

अहिराणी गाणी किती घ्यायची यावर ग्रुपमधे भांडणं होतात. माझं मत, ती मधे नको, एकत्र पंधरा मिनिटांचा एक सलग पट्टा करा. कारण पहिलं अहिराणी गाणं वाजलं की लोक खुर्च्या सोडून पुढं येतात, मग मधेच जुनं संथ हिंदी गाणं घातलं तर ते परत जाऊन बसतात आणि दुसऱ्यांदा उठत नाहीत. नंदुरबार, शहादा साइडला गेलात तर गरब्याचा एक ठेका पण तयार ठेवा, गुजरात शेजारीच आहे, फर्माईश येतेच.

हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या वेगळ्या. शेतात बोलावतात, माईक नाही, स्टेज नाही, सतरंजी आणि एक बल्ब. तिथं कीबोर्ड नेऊच नका, हार्मोनियम आणि ढोलकी पुरे. फक्त वांगी जिथं काड्यांवर भाजतायत त्याच्या वाऱ्याखाली बसू नका, गाणाऱ्याचा गळा धुरानं पहिल्या कडव्यातच बसतो. असल्या बैठकीत पैसे कमी आणि ऐकणारे चांगले, मला विचाराल तर वर्षातल्या सगळ्यात चांगल्या सुपाऱ्या ह्याच.

पैशाचं थोडक्यात: तारीख धरतानाच निम्मे ॲडव्हान्स, उरलेले कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, येण्या-जाण्याचं भाडं वेगळं ठरवायचं, आणि हे सगळं फोनवर बोललात तरी नंतर मेसेजमधे लिहून पाठवायचं. ओळखीतलं आहे म्हणून मोघम ठेवलं की ओळख पण जाते.

खेळ

वाजवणाऱ्यानं खेळू नये असं सांगणारे बुवा भेटतात, ऐकू नका. तीन तास उभं राहून वाजवायला पाठ लागते, दम लागतो, आणि तो रियाजानं येत नाही. पण कुठला खेळ कधी, ह्याला अर्थ आहे.

बॅडमिंटनमधे त्रास शटलनं होत नाही, मुठीनं होतो. नवीन खेळणारे रॅकेट आवळून धरतात, तासाभरानं कोपरापासून मनगटापर्यंत सगळं ताठ, आणि संध्याकाळी कीबोर्डवर करंगळी-अनामिका जड पडतात. ग्रिप सैल धरायची, शटल लागायच्या क्षणी आवळायची आणि लगेच सोडायची. ग्रिप बारीक वाटत असेल तर वर एक जास्तीची ग्रिप गुंडाळा, मूठ आपोआप कमी आवळली जाते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दाबून दुखायला लागलं तर तिथंच थांबा, आठवडा-दोन आठवडे रॅकेट बंद. दुखत असताना खेळून ते बरं होत नाही, लांबतं.

क्रिकेट टेनिस बॉलचं असलं तरी बोटाला लागतंच. मी पॉइंटला किंवा डीपला उभा राहतो, विकेटकीपिंग करत नाही, स्लिपमधे उभा राहत नाही, आणि टीमला हे माहितीये. टोमणे मारतात, मारू द्या. बोटाच्या टोकावर बॉल बसून बोट सुजलं तर कोणाला ओढू देऊ नका. ग्राउंडवर एक तरी काका असतो जो म्हणतो आण इकडं, खेचून बसवतो. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, मग शेजारच्या बोटाला टेपनं बांधून ठेवा, दोन्हीच्या मधे थोडा कापूस. बोटाचं पेर वाकडं दिसत असेल, किंवा टोक स्वतःहून सरळ होत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे. टोक खाली झुकलेलं बोट तसंच सोडलं तर कायमचं तसं राहू शकतं आणि मग सतारी-गिटारीचा डावा हात गेला.

आणि अंगठी. खेळताना काढा, वाजवताना पण काढा.

उन्हाळ्यात खेळायची वेळ पहाटे साडेपाच ते सात, बस. साडेसातला जळगावचं ऊन असं पडतं की ऑफिसात दिवसभर डोकं जड. रात्री उशिरा कार्यक्रम करून आलात तर दुसऱ्या सकाळी मॅच असली तरी सहा तास झोप झाली नसेल तर जाऊ नका, बदली खेळाडू आधीच सांगून ठेवा. स्टेजवरनं उतरल्यावर झोप लगेच येत नाही हे सगळ्यांचं होतं, डोक्यात गाणी चालूच असतात. तेव्हा मोबाईल घेऊन स्वतःचेच व्हिडिओ बघत बसायचं नाही. वायरी गुंडाळायचं काम तेव्हा करा, हाताला काम मिळतं आणि डोकं शांत होतं, वर सकाळी वायरींचा गुंता पण सापडत नाही. वायर कोपरावर गुंडाळू नका, आतनं पीळ पडतो आणि तुटते, मोकळे गोल वेटोळे घ्या, एक वेटोळं सरळ आणि एक उलटं.

कान आणि अल्बम

कानाचा हिशोब एकदा समजून घ्या, अवघड नाहीये. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहिलं तर ती दिवसाची मर्यादा धरतात, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, आणि १००ला फक्त पंधरा मिनिटं. लग्नातला डीजे, ढोल-ताशा, ड्रमरच्या शेजारची खुर्ची, हे सगळं शंभरच्या आसपास किंवा वर सहज जातं. मोबाईलमधे आवाज मोजायचं ॲप असतं, ते अगदी अचूक नसलं तरी आपण कुठं उभे आहोत ते कळायला पुरे. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत असेल तर तो दिवसाचा कोटा ओलांडला असं समजा, आणि दुसऱ्या दिवशी हेडफोन बंद. मेडिकलवर मिळणारे फोमचे बोळे चालतात पण वरचे सूर जास्त खातात, सगळं गोधडीखालनं ऐकल्यासारखं वाटतं. वादकांसाठीचे वेगळे इअरप्लग येतात ते सगळे सूर सारखेच कमी करतात, ते ऑनलाइन मागवा, पहिल्या दोन कार्यक्रमांना विचित्र वाटेल, मग त्यांच्याशिवाय वाजवता येणार नाही.

आता अल्बम. अल्बमच का, सुटी गाणी का नाही? कारण आपण हौशी लोक आयुष्यभर दुसऱ्यांची सुटी गाणी वाजवतो, त्यामुळं एका गाण्यातनं दुसऱ्यात कसं जायचं, कुठं थांबायचं, कुठं गर्दी करायची, हे आपल्याला येतच नाही. ते अल्बमवाल्यांनी महिनोन् महिने डोकं लावून ठरवलेलं असतं. हळदीची यादी लावणं आणि अल्बमचा क्रम लावणं ही कामं बरीच सारखी आहेत.

माझ्यासारखे अप-डाऊनवाले असाल तर नशीबवान आहात. जुनी एलपी रेकॉर्ड एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची असायची, त्यामुळं जुने बरेच अल्बम चाळीसेक मिनिटांचे आणि मधोमध तुटलेले. जळगाव ते भुसावळ, मधे भादली, गाडी वेळेत असली तर एक बाजू बरोबर बसते. जाताना पहिली बाजू, येताना दुसरी. बाजू उलटायला पूर्वी लोक उठायचे, आपण मधे नोकरी करतो. बाईकवर जाणाऱ्यांनी मात्र हे गाडीवर करायचं नाही, कानात काही घालून हायवेला जायचं नाही, घरी गच्चीवर रात्री ऐका.

रेल्वेत एक पथ्य. डब्याचा खडखडाट मोठा असतो म्हणून आपण आवाज वाढवत जातो आणि उतरल्यावर कळतं किती मोठा होता. कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या, बाहेरचा आवाज कमी झाला की आतला पण कमी पुरतो. घरी शांत खोलीत आवाज लावून तिथं खूण लक्षात ठेवा, त्याच्या फार वर जायचं नाही. शफल बंद करा. गाणी एकमेकांत मिसळायची सेटिंग असते ती पण बंद, दोन गाण्यांमधली शांतता अल्बमचाच भाग आहे. आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा.

सुरुवातीला कुठला घ्यावा? मी नव्या पोरांना १९६७चा 'कॉल ऑफ द व्हॅली' सांगतो. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी त्याची कल्पना, म्हणून सुरुवात सकाळच्या अहिर भैरव, नट भैरवनं होते आणि पुढं पिलू, भूप, देस करत पहाडीवर संपतो. यात शिकायचं काय, तर तीन मोठी वाद्यं असून एकमेकांच्या अंगावर कोणी जात नाही. संतूर तुटक तुटक वाजतं, बासरी लांब ओढते, गिटार मींड घेऊन (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत) मधली जागा भरते. आपल्या ग्रुपमधे कीबोर्ड, गिटार आणि बासरीवाला तिघंही एकाच वेळी तीच ट्यून वाजवत असतात, त्यांना हे एकदा बसवून ऐकवा.

ऐकायची पद्धत अशी. पहिल्यांदा सलग, काही न करता, आवडलं-नावडलं एवढंच. दुसऱ्यांदा एकच वाद्य पकडा आणि त्याचा पदर सोडायचा नाही, आणि शक्यतो स्वतःचं वाद्य पकडू नका. कीबोर्डवाल्यानं तबला ऐकावा, ढोलकीवाल्यानं बास ऐकावा, गायकानं कोरस. तिसऱ्यांदा वही घेऊन, एकेका गाण्याला दोनच ओळी: लय साधारण किती, आणि वाद्य गप्प कुठं बसतंय. हे गप्प बसणं लिहिल्याशिवाय दिसत नाही. मग बुधवारच्या प्रॅक्टिसला त्यातली एकच गोष्ट आपल्या एका गाण्यात वापरून बघा, म्हणजे पहिल्या अंतऱ्याला कीबोर्ड पूर्ण बंद, किंवा शेवटच्या धृपदाआधी दोन मात्रा सगळे थांबले. लोकांना कारण कळत नाही पण मान वर होते.

आठवड्याला एकाच्या वर नको. जास्त ऐकणारे मित्र आहेत माझे, रोज एक, आणि विचारलं तर कशातलंच काही सांगता येत नाही. नवीन गाणं बसवायचं पण आठवड्याला एकच ठेवा. गीत रामायणातली ५६ गाणी १९५५-५६मधे पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशीच येत गेली, ग. दि. माडगूळकर लिहायचे आणि बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, चाल लावायचे, आणि त्या वेगानं वर्षभरात केवढं काम उभं राहिलं ते बघा. आपण तर तयार चाल नुसती बसवायची आहे.

आणि अल्बममधे घरचं पण ऐका. कानबाईच्या (श्रावणात घरोघरी बसते ती आमची खान्देशी देवी) रात्री बाया गातात ती गाणी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गौराईची गाणी, हे सगळं अजून म्हाताऱ्या बायांच्या तोंडात आहे. आजी, मावशी, शेजारची काकू, त्यांना बसवून मोबाईलवर सलग अर्धा तास रेकॉर्ड करा, पंखा बंद करून, मोबाईल उशीवर ठेवून, मधे मधे थांबवून सूर नीट करायला न लावता. नाव आणि गाव सुरुवातीला त्यांच्याच तोंडून बोलून घ्या, आणि कोणाला पाठवायचं असेल तर आधी त्यांना विचारा. ठेका धरायला ह्याच्यासारखी प्रॅक्टिस नाही कारण कोणीच मात्रा मोजत नाही आणि कोणीच चुकत नाही.

आषाढात

लग्नं थांबली की चार महिने हातात येतात. तेव्हा केबल उघडून सुटलेल्या जागी डाग (सोल्डरिंग) द्या, हार्मोनियम दुरुस्तीला टाका, सकाळचं बॅडमिंटन आठवड्यातनं चार दिवस करा, आणि पावसाळ्यात वाद्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका नाहीतर पट्ट्या चिकटतात. ग्रुपचं एक कॅलेंडर मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असं करा, त्यात आधी प्रत्येकाच्या घरच्या तारखा घाला आणि मग सुपाऱ्या, उलटं केलं तर ग्रुप दिवाळीच्या आत फुटतो. गणपती, नवरात्र तर टाकालच, पण श्रावणातला नागपंचमीनंतरचा रविवार पण लाल करून ठेवा. त्या दिवशी घरोघरी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, आणि ह्या दोन दिवसांत सगळ्या खान्देशात ढोलकीवाला शोधून सापडत नाही.